अर्धी टोपी

तिकोनाने अंड्यांच्या ट्रेमध्ये स्क्रू मांडले.
कुठला कुठल्या खळग्यात, ते त्याचं त्यालाच ठाऊक.
अकरा.
बारावा आधीच्या कुणा कारागिराने गिळलेला.
"किती वर्षांचा हा?"
"माझ्याकडे सात. त्याआधीचं देव जाणे."

एल आल्तोचा गुरुवारचा बाजार.
डोक्यावरून केबलकारचे पाळणे सरकतात,
खाली रस्ताभर टायर, नळ, कोंबड्या, दाराच्या कड्या,
आणि या निळ्या ताडपत्रीखाली
माझा लॅपटॉप उताणा, पोट उघडं.
आत लोकर निघाली.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सात वर्षं मांडीवर स्वेटर नि शेजारी हा,
पंख्याच्या पात्यांना अल्पाकाचा लाल-करडा पुंजका.
तिकोनाने तो चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरला:
"दोन्या सेनोबिया, यात एक मोजा होईल."

मग डिस्क कानाला लावून बसला, वैद्यासारखा.
म्हणाला, आत एक चकती फिरते, तिच्यावर सुई तरंगते,
टेकत नाही, मधे हवेची गादी असते
केसाहून पातळ.
ज्यांनी ती गादी घातली ते राहतात समुद्राकाठी.
इथे चार हजार मीटरवर हवाच चिक्कू,
सुईला धाप लागते,
खालून आलेल्या पाहुण्यासारखी ती मधेच बसकण मारते.
"या दुसऱ्या डिस्कमध्ये काही फिरतच नाही.
हिला श्वास लागत नाही."
माझ्या गुडघ्यांत असं काही बसवतोस का, विचारणार होते.
पण भाव ठरायचा होता.

अवायोच्या गाठीत चारशे बोलिव्हियानो.
डिस्क दोनशे वीस.
मेमरीची पट्टी नव्वद, मेलेल्या मशीनमधली, पट्टी मात्र जिवंत.
बॅटरी दोनशे ऐंशी.
बोटांवर मोजलं, टाके मोजते तसं.
लोकर कमी पडली की मी बाही आखूड करते,
गळ्याला हात लावत नाही.
बॅटरी सोडली.
राहील भिंतीच्या सॉकेटला, खुंट्याच्या लामासारखा,
दोरी पुरेल तेवढंच चरेल.

"सीडीचा कप्पा कधी उघडता का?"
"एकदा. विल्सनने त्यात बिस्किट लपवलं होतं."
त्या जागी चाळीसच्या चौकटीत जुनी डिस्क गेली,
कामातून काढली, घरातून नाही.
मजुरी तो तीस म्हणाला, मी पंधरा,
तो म्हणाला बाई, माझ्याही चुलीला गॅस लागतो,
मी उठले, दोन टपऱ्या पुढे गेले,
त्याने हाक मारली. वीस.

घरी आले. बटण दाबलं.
खुर्ची ओढेपर्यंत पडदा उजळून तयार.
अठरा सेकंद, विल्सनने मोजले,
पुन्हा बंद करून पुन्हा मोजले, सतरा.
तो नाचला. मीही हसले.
मग हात मांडीवर आले आणि तिथेच राहिले.

कारण पूर्वी बटण दाबून मी बटाटे चढवायची,
खिडकी पुसायची,
तरी ते वर्तुळ आपलं गोल गोल, घाण्याच्या बैलागत.
मग त्या वेळात एक टोपी विणायला घेतली.
ऑर्डरची नाही. ज्या परदेशी बाईंना
सगळी बटणं लाकडाचीच हवी असतात, त्यांचीही नाही.
माझी.
उरल्यासुरल्या लोकरीची,
एका रंगाचं दुसऱ्याशी पटत नाही अशी.
रोज दोन ओळी, एक सुलट, एक उलट,
हा जागा होईपर्यंत.
गेल्या थंडीपासून कानांपर्यंत आली होती.

आता पासवर्डच्या रकान्यात ती काडी लुकलुकते,
भाडं मागायला आलेल्या मालकासारखी दारात उभी.
तीन मेल, एक बिल, बाहीचा नकाशा,
सगळं उघडायला टपलेलं.
मी पिशवीतून सुया काढते.
थांब म्हणते,
ओळ पुरी होऊ दे.